धुरावर फिरणारं चाक

टर्बो बघायचा म्हणून बॉनेट उघडणाऱ्याची आधी निराशाच होते. मोठं असं काही दिसतच नाही. इंजिनाच्या कडेला, धुराच्या मॅनिफोल्डला बोल्टांनी आवळलेली, पत्र्याच्या ढालीआड दडलेली दोन छोटी घरं असतात, गोगलगायीच्या शंखासारखी आत वळत गेलेली. एक बिडाचं, तापून तापून तांबूस पडलेलं. दुसरं ॲल्युमिनियमचं, तेलकट धुळीनं काळवंडलेलं. लहान गाडीचा टर्बो दोन्ही हातांच्या ओंजळीत मावतो. त्याच्या पोटात करंगळीहून बारीक दांडा आणि दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एका पंख्यावर आदळतो, तो फिरतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा मग बाहेरची हवा ओढून, दाबून सिलिंडरकडे ढकलतो. यंत्र म्हणाल तर एवढंच.

पण फेरे मोजा. इंजिन मिनिटाला अडीच हजार फेरे घेत असतं तेव्हा हा दांडा लाखाच्या घरात पोचलेला असतो. लहान टर्बो भरात आला की दोन लाखांच्या आसपासही जातो. धुराकडच्या पंख्याजवळ सातआठशे अंश तापमान आणि हवेकडच्या पंख्याला बाहेरच्या हवेचा स्पर्श, आणि या दोहोंमध्ये अंतर जेमतेम वीतभर. डिझेल जाळून मिळालेल्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून वाया जातो. त्या टाकून दिलेल्या हिश्श्यातून थोडं परत मिळवायचं, अशी ही कल्पना. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या इंजिनिअरनं १९०५ साली तिचं पेटंट मागितलं. जहाजं, आगगाड्या, विमानं, मालट्रक असा प्रवास करत ती सर्वसामान्यांच्या मोटारीत यायला निम्मं शतक उलटून गेलं.

गंगाखेडहून लोह्याकडे जाताना पालम लागतं. तालुक्याचं गाव, सभोवती काळी माती, कापूस, सोयाबीन, तूर, जवळून गोदावरी. रस्त्याकडेच्या गॅरेजांपुढे जुन्या गाड्या उभ्या असतात आणि त्यांच्याभोवती पोरं. त्यांच्यातला एखादा मिस्त्रीला विचारतोच, "मामा, आपल्या गाडीला टर्बो बसंल का?" यावर पालमच्या मिस्त्र्याच्या तोंडून मी ऐकलेलं उत्तर असं: "बसवायला काय, बसंल की. पण मग बाकीचं कोण बघतंय?"

या उत्तरातल्या 'बाकीचं' या शब्दात काय काय येतं ते बघायचं, तर आपल्याच राज्यात त्याचा एक उत्तम पाठ लिहून ठेवलेला आहे. साध्या, स्वस्त, घराघरातल्या गाडीला टर्बो जोडण्याचं काम पुण्यात झालं, टाटांच्या कारखान्यात, आणि गाडी होती इंडिका. एखादी बंदिश आधी विलंबित आणि मग द्रुत ऐकावी तसं हे एकच इंजिन आपल्याला बिनटर्बो आणि टर्बोसकट, दोन्ही रूपांत वाचायला मिळतं. अशी सोय फार थोड्या गाड्यांत आहे.

मूळ पाठ आधी. जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या वाहनप्रदर्शनात इंडिका लोकांनी पाहिली आणि त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला ती बाजारात आली. अंगकाठी इटलीतल्या तुरिनच्या आयडिया या संस्थेनं रेखली होती. गाडी बांधली गेली पिंपरीत. डिझेल इंजिनाचं नाव ४७५. टाटांचा नाव ठेवण्याचा शिरस्ता सरळ आहे: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ७५ मिलिमीटर. त्याच हिशेबानं ट्रकचं ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर. ४७५ चा दट्ट्या साडेएकोणऐंशी मिलिमीटर वरखाली होतो. गुणाकार केला की १४०५ सीसी येतात. ताकद साधारण साडेत्रेपन्न अश्वशक्ती, तीही ५५०० फेऱ्यांना; टॉर्क ८५ न्यूटन-मीटर, २५०० फेऱ्यांना.

हे इंजिन कसं होतं? प्रामाणिक होतं. डिझेल थेट सिलिंडरमध्ये न फवारता डोक्यातल्या एका लहान खोलीत आधी पेटायचं आणि मग ज्वाळा दट्ट्यावर उतरायची. त्यामुळे त्या काळच्या थेट फवाऱ्याच्या डिझेलपेक्षा आवाज मवाळ, पण उष्णता जास्त वाया. पाच माणसं, टपावर सामान आणि एसी चालू, अशा अवस्थेत चढ आला की एसी बंद करायचा हे ड्रायव्हर न सांगता करायचे. ॲक्सिलेटर पार खाली दाबला की मागे काळा धूर आणि पुढे तोच वेग. काळा धूर म्हणजे ज्याला हवा पुरली नाही ते डिझेल. इंजिनाची भूक मोठी होती आणि श्वास तोकडा होता, हे तो धूरच सांगायचा. टर्बोची मागणी मूळ पाठातच लिहिलेली होती, असं मी म्हणतो ते यामुळे.

२००२ च्या अखेरीस डिकीवाली इंडिगो आली, तिच्या डिझेलला टर्बो होता आणि ताकद ६२ च्या घरात गेली. पुढच्या काही वर्षांत इंडिकाच्या पाठीवरही 'टर्बो' ही अक्षरं दिसू लागली, आणि मग हवा थंड करणारा इंटरकूलर जोडलेली आवृत्ती आली: ७० अश्वशक्ती ४५०० फेऱ्यांना, टॉर्क १३५ च्या आसपास, पुन्हा २५०० फेऱ्यांनाच. सीसी तेच १४०५.

आता हे आकडे शेजारी शेजारी ठेवून सावकाश वाचा, कारण खरा रस इथं आहे. साडेत्रेपन्नाचे सत्तर झाले म्हणजे ताकद तीस-एकतीस टक्क्यांनी वाढली. नवशिका एवढंच वाचतो आणि थोडा नाराज होतो. टर्बो बसवून फक्त एवढंच? पण टॉर्क ८५ वरून १३५ वर गेला, म्हणजे जवळजवळ साठ टक्के. आणि सगळ्यात बोलका आकडा तिसराच: कमाल ताकद ५५०० फेऱ्यांवरून ४५०० फेऱ्यांवर खाली उतरली. बनवणाऱ्यांनी इंजिनाला वर अजून पळवलं नाही, उलट वरचे हजार फेरे सोडून दिले. अडीच हजार फेऱ्यांवर काय घडलं त्याचा हिशेब मांडला तर बिनटर्बो इंजिन तिथं तीस अश्वशक्ती देत होतं, टर्बोचं अठ्ठेचाळीस देऊ लागलं. अडीच हजार फेरे म्हणजे आपण रोज जिथं गाडी चालवतो ती जागा. ५५०० फेऱ्यांना इंडिका कोण चालवतं? त्या फेऱ्यांना तिचा जो आवाज होतो तो ऐकून माणूस स्वतःच पाय काढतो.

गंगाखेड रस्त्यावर उसाच्या हंगामात हा फरक अंगाला कळतो. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, वेग वीस-पंचवीस. समोरून मोकळं दिसतंय तेवढ्यात पार व्हायचं. बिनटर्बो गाडीत तुम्ही तिसरा टाकता, दुसराही टाकून बघता, इंजिन ओरडतं, आणि ट्रॉलीचं मागचं चाक बराच वेळ खिडकीच्या शेजारीच राहतं. टर्बोच्या गाडीत तिसरा पुरतो. सुई दोन हजारांच्या जवळ येते, क्षणभर काहीच होत नाही, आणि मग पाठीला सीटचा हलका रेटा जाणवतो. तो रेटा ट्रॅक्टरच्या तोंडापर्यंत टिकतो. ओव्हरटेक संपतो तेव्हा सुई साडेतीन हजारांनाही गेलेली नसते.

त्या 'क्षणभर काहीच होत नाही' याला टर्बो लॅग म्हणतात आणि सगळे त्याला नावं ठेवतात. मी तितका कडक नाही. ओळीत यती असते तशी ही जागा आहे. चांगल्या ड्रायव्हरला ती ठाऊक असते आणि तो तिच्या आधीच पाय ठेवतो. कारण साधं आहे. धूर कमी तर पंखा मंद, पंखा मंद तर हवा कमी, हवा कमी तर पुन्हा धूर कमी. हे चक्र सुटायला इंजिनानं स्वतःच्या दमावर थोडं पळावंच लागतं. टर्बो मोठा घेतला की ही यती लांबते. नवशिक्याला नेमका मोठाच टर्बो आवडतो, कारण भंगारात ट्रकचा किंवा जीपचा टर्बो लवकर मिळतो. तो १४०० सीसीच्या इंजिनावर लावला तर चार हजार फेऱ्यांपर्यंत गाडी पूर्वीपेक्षाही मठ्ठ चालते, आणि जागी होते तेव्हा पुढं रस्ता उरलेला नसतो.

हा धडा जगानंही उशिरा घेतला. बीएमडब्ल्यूनं १९७३ मध्ये २००२ टर्बो काढली. खालच्या फेऱ्यांना सुस्त आणि वर गेल्यावर एकदम उसळणारी अशी तिची ख्याती. स्वीडनच्या साबमध्ये पेर गिलब्रँड या इंजिनिअरनं उलटा विचार केला. त्यानं टर्बो लहान ठेवला, म्हणजे तो लवकर फिरेल, आणि वरच्या फेऱ्यांना तो फार फिरू नये म्हणून जादा धुराला बगल देणारी झडप वापरली. १९७७ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आलेली साब ९९ टर्बो रोज ऑफिसला नेता येईल अशी गाडी होती. पुढे डिझेल इंडिकापर्यंत जी टर्बोची रीत आली, तिचा कल हाच: मधल्या फेऱ्यांची सोय बघा, टोकाचं सोडून द्या.

त्या झडपेचं नाव वेस्टगेट. माझ्या मते अख्ख्या टर्बोतला सर्वांत सुंदर भाग हाच, आणि गॅरेजातली पोरं सर्वांत आधी हात लावतात तोही हाच. बघायला चहाच्या बशीपेक्षा लहान पत्र्याची डबी, तिच्यातून निघालेली एक सळई, आणि डबीला आलेली रबराची बारीक नळी. डबीत रबरी पडदा आणि स्प्रिंग. नळीतून टर्बोनं दाबलेल्याच हवेचा दाब पडद्यावर येतो. दाब ठरलेल्या मापापर्यंत आहे तोवर स्प्रिंग झडप मिटून धरते; माप ओलांडलं की पडदा सळईला ढकलतो, झडप किलकिली होते, थोडा धूर पंख्याला वळसा घालून सरळ सायलेन्सरला जातो. टर्बो जी हवा दाबतो तीच हवा त्याला थांबवते. ना तार, ना संगणक. सळईच्या टोकाला आटे असतात आणि त्यावर एक लॉकनट. त्या नटाचे दोन-तीन फेरे म्हणजे इंजिन वर्षानुवर्षं टिकणं आणि हेड गॅस्केट जाणं यांतलं अंतर.

आणि पोरं काय करतात? सळई आखडतात, नाहीतर नळीच काढून तिच्या तोंडात खिळा ठोकतात. गाडी त्या संध्याकाळी उडते खरी. पण लहान गाडीच्या इंजिनाचा दट्ट्या, रिंगा, कनेक्टिंग रॉड, हेडचे बोल्ट, सगळं एका ठरावीक दाबासाठी घडवलेलं असतं. डिझेल इंजिन आधीच हवा वीस-बावीस पटीनं दाबतं. आत आलेली हवाच दाबलेली असेल तर स्फोटाचा दाब कुठल्या कुठे जातो.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्यावर बराच पैसा वाया जातो. टर्बो ताकद देत नाही, हवा देतो. ताकद डिझेलची. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीला नुसता टर्बो लावला आणि पंपाला हात लावला नाही, तर काळा धूर कमी होईल, पिकअप थोडा सुधारेल आणि मालक म्हणेल की फसवलं. खरी वाढ हवी तर पंपानं जास्त डिझेल सोडलं पाहिजे, पण तेही दाब तयार झाल्यावरच. आधी सोडलं तर पुन्हा धूर. म्हणून टर्बोसाठी बनलेल्या यांत्रिक पंपाच्या डोक्यावर आणखी एक पडदा बसवलेला असतो. मॅनिफोल्डमधला दाब वाढला की तो पडदा खाली दबतो, आतली उतरती पिन सरकते आणि डिझेलची मात्रा दाबाच्या प्रमाणात वाढते. वेस्टगेटचा पडदा आवरतो, पंपाचा पडदा वाढवतो. एकाच हवेच्या दाबावर दोघंही हलतात आणि त्यांची जुळणी कारखान्यात झालेली असते. नवशिका गॅरेजात काय करतो, तर पंपाचा स्क्रू पाऊण फेरा आत घेतो. मग डिझेल नेहमीच जास्त, हवा असो वा नसो, आणि गावभर धूर. दट्ट्याचा माथा वितळण्याची सुरुवात या पाऊण फेऱ्यात असते.

आता पालमचा मे महिना. परभणी जिल्ह्यात त्या दिवसांत पारा त्रेचाळीसच्या वर जातो. हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचं टोक हाताला चटका देतं ते त्यामुळेच. समजा टर्बो हवेला बाहेरच्या दाबाच्या १.६ पट दाबतो आणि त्याची कार्यक्षमता पासष्ट टक्के आहे, जी लहान टर्बोला ठीकठाक म्हणायची. त्रेचाळीस अंशांची हवा टर्बोतून बाहेर पडते तेव्हा एकशे तेरा अंशांच्या आसपास असते. तापलेली हवा विरळ. म्हणजे दाब साठ टक्के वाढवला, पण सिलिंडरमध्ये प्रत्यक्ष हवा वाढली तीस-एकतीस टक्केच. उरलेलं उष्णतेनं खाल्लं. आता वाटेत इंटरकूलर ठेवून तीच हवा पासष्ट अंशांवर आणली, तर वाढ पन्नास टक्क्यांच्या जवळ पोचते. म्हणजे चार पाइप, दोन टाक्या आणि मध्ये पातळ पट्ट्यांची जाळी, एवढ्या सामानानं टर्बोच्या कमाईत मोठी भर पडते, आणि सिलिंडरमधली उष्णताही उतरते. इंडिका-इंडिगोच्या इंजिनाच्या नावात टर्बोबरोबर इंटरकूलरची अक्षरं आली तेव्हा ताकद ६२ वरून ७० वर गेली, ती अशी. थंड देशातल्या माणसानं इंटरकूलर नंतर बघू म्हटलं तर एकवेळ चालेल. मराठवाड्यात तो टर्बोच्या आधी विकत घ्यावा.

धूळ हा दुसरा स्थानिक प्रश्न. उन्हाळ्यात शिवाररस्त्यानं गाडी गेली की काळ्या मातीची भुकटी बॉनेटच्या आत जाऊन बसते. साध्या इंजिनात एअर फिल्टर फाटका असेल तर रिंगा हळूहळू घासतात. टर्बोत तीच धूळ लाखभर फेऱ्यांनी फिरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर आदळते आणि पात्यांच्या कडा खाते. जुना टर्बो विकत घेणाऱ्यानं पाइप काढून आधी या कडा बघाव्यात, मग दांड्याला बोटानं हलवून बघावं. आडवा किंचित खेळ असतोच. पात्याचं टोक घराच्या भिंतीला टेकत असेल, किंवा दांडा पुढेमागे जाणवण्याइतका सरकत असेल, तर तो टर्बो कितीही स्वस्त असला तरी महाग आहे.

तो आडवा खेळ का असतो, हे समजलं की या यंत्राबद्दलचा आदर दुणावतो. दांड्याला बॉल बेअरिंग नसतं, बहुतेक साध्या टर्बोत तरी नसतं. पितळेच्या जातीच्या दोन बुशा असतात आणि त्याही सैल: बुशीच्या आत तेल, बुशीच्या बाहेर तेल. दांडा फिरतो, बुशी त्याच्या मागोमाग थोड्या कमी वेगानं फिरते, आणि चालू असताना धातूला धातू टेकतच नाही. मिलिमीटरच्या शतांशांत मोजावा असा तेलाचा थर सगळा डोलारा पेलून धरतो. हे तेल इंजिनातूनच येतं, एका बारीक नळीनं, दाबानं. परतीची नळी मात्र जाड असते आणि तिला उतार लागतो, कारण परत जाणाऱ्या तेलाला दाब नसतो, ते आपल्या वजनानं चेंबरमध्ये ओघळतं. घरगुती जोडणीत सर्वांत जास्त घोळ या परतीच्या नळीत होतो. चेंबरला भोक पाडून तिथं तोंड वेल्ड करावं लागतं, ते तेलाच्या पातळीच्या वर यावं लागतं, नळीला कुठं बाक नको. यातलं एक चुकलं की तेल टर्बोतच साचतं, सीलमधून पंख्याकडे जातं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. मग निष्कर्ष निघतो की टर्बो खराब होता.

घाट चढून किंवा दूरवर भरधाव येऊन लगेच चावी फिरवू नये, इंजिन मिनिटभर रिकामं चालू ठेवावं, हेही या तेलापायीच. इंजिन बंद केलं की तेलाचा पंप थांबतो, पण धुराकडचा पंखा अजून लालीच्या जवळ तापलेला असतो. जागच्या जागी राहिलेलं तेल तिथं करपून कोळसा होतं आणि पुढच्या वेळी तीच काजळी बुशीत फिरते. टर्बो असलेल्या काळीपिवळीचे जुने ड्रायव्हर स्टँडवर गाडी लावून पॅसेंजर उतरेपर्यंत इंजिन चालू ठेवत. बाहेरच्याला वाटे डिझेल जाळतोय.

आवाजाबद्दल एक परिच्छेद हवा, नाहीतर रसग्रहण अपुरं. टर्बो लागला की सायलेन्सरचा आवाज वाढतो अशी पोरांची समजूत. प्रत्यक्षात धुराचे ठोके पंख्यावर मोडतात आणि गाडी मागून मऊ ऐकू येते. नवी भर पडते ती बारीक शिट्टीची. इंडिकाच्या टकटकीखाली, तिसऱ्या गियरमध्ये काच खाली केली तर, ती सुरू होते आणि फेऱ्यांबरोबर वर चढते. निरोगी टर्बोची शिट्टी गाडीतल्या गप्पांत बुडून जाते. ती गप्पांच्या वर यायला लागली, रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखी चढउतार करू लागली, की बुशी संपत आली.

हे सगळं डिझेलबद्दल झालं. पालममध्ये प्रश्न विचारणाऱ्या पोराकडे बहुधा जुनी पेट्रोल गाडी असते, ७९६ सीसीची मारुती वगैरे, आणि तिथं गोष्ट आणखी अवघड. डिझेल इंजिनात नुसती हवा दाबली जाते; पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल एकत्र दाबलं जातं. जास्त दाब, जास्त उष्णता, की ठिणगी पडायच्या आधीच किंवा पडल्यावर भलत्याच कोपऱ्यातून मिश्रण फुटतं. त्याला नॉकिंग म्हणतात. ठणठण आवाज येतो आणि दट्ट्याच्या कडा तुटतात. अमेरिकेत १९६२ मध्ये ओल्ड्समोबिलनं जेटफायर ही गाडी टर्बोसकट विकली, साडेतीन लिटरचं इंजिन, कॉम्प्रेशन सव्वादहा. नॉकिंग आवरण्यासाठी डिस्टिल्ड पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात फवारलं जाई. मालक ती टाकी भरायला विसरू लागले. शेवटी कंपनीनं कित्येक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बोरेटर बसवून दिले. एवढी मोठी कंपनी, एवढं मोठं इंजिन, आणि अडलं कुठं, तर मालकाच्या विसराळूपणावर. आज टर्बो पेट्रोल सर्रास चालतं ते सिलिंडरमधला नॉक ऐकणारे सेन्सर, क्षणाक्षणाला ठिणगी मागेपुढे करणारा संगणक आणि त्या कामासाठीच घडवलेले दट्ट्ये यांच्या जिवावर. रांजणगावात बांधली जाणारी टाटा नेक्सॉन २०१७ मध्ये आली तेव्हा तिचं तीन सिलिंडरचं १२०० सीसी पेट्रोल इंजिन टर्बोच्या आधारे ११० अश्वशक्ती देत होतं. त्या आकड्यामागे टर्बोचा वाटा आहेच, पण टर्बो वगळून बाकी इंजिनही टर्बो गृहीत धरून आखलेलं आहे.

म्हणजे मिस्त्रीमामांच्या 'बाकीच्या'ची यादी अशी निघते: योग्य मापाचा टर्बो, त्याला बसेल असं मॅनिफोल्ड, तेलाची आवक-जावक, वेस्टगेटची जुळणी, पंपाचा पडदा, इंटरकूलर आणि त्याचे पाइप, मजबूत हेड गॅस्केट, वाढलेला टॉर्क सोसणारी क्लचप्लेट, मोठा रेडिएटर, आणि एवढी गाडी पळाल्यावर तिला थांबवतील असे ब्रेक. यातली प्रत्येक वस्तू वेगळी मिळते. एकमेकांशी जमलेल्या मात्र त्या वेगळ्या मिळत नाहीत. पुण्यातल्या इंजिनिअरांनी ते जमवण्यासाठी आधी ६२ आणि मग ७० असे टप्पे घेतले, हाताशी प्रयोगशाळा असताना. मला या इंजिनात खरं कौतुक वाटतं ते या संयमाचं. १४०५ सीसीतून त्याहून जास्त काढता आलं असतं. पण गाडी स्वस्त होती, ती खेड्यातल्या डिझेलवर चालणार होती, तिची सर्व्हिसिंग लांबणार होती, आणि ती कोणाच्या तरी पोटापाण्याची असणार होती. हे सगळं धरून त्यांनी दाब कमी ठेवला.

तक्रारही नोंदवतो. टर्बोची इंडिका दोन हजारांच्या खाली गावातल्या गर्दीत कंटाळवाणी होती, गियर बदलण्याची काठी शेवटपर्यंत अडखळती राहिली, आणि एवढ्या ओढीला साजेसं स्टिअरिंग तिला कधी मिळालं नाही. इंजिन सुधारलं तेवढी गाडी सुधारली नाही. २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले आणि स्वस्त लहान डिझेल मोटारीचं युगच आटोपलं.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण गॅरेजात हे कोणी सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्यानं नोंदवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. साध्या इंजिनाला गॅरेजात जोडलेला टर्बो या कलमात येतो. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न याचाच काढेल. इंजिन बदलायचं असेल तर परभणीच्या परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि नव्या इंजिन क्रमांकाची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते.

तेव्हा पालमच्या त्या पोरासाठी माझा निर्णय. आपल्या बिनटर्बो गाडीला टर्बो लावू नकोस. खर्च गाडीच्या किमतीच्या वर जाईल आणि काम अर्धवट राहील. टर्बो अनुभवायचा आहे ना, तर कारखान्यातून टर्बो आणि इंटरकूलर घेऊनच आलेली जुनी इंडिका किंवा इंडिगो बघ. घेण्याआधी पाइप काढून पात्यांच्या कडा तपास, दांडा हलवून बघ, थंड इंजिन चालू करून निळा धूर येतो का ते मागे उभा राहून बघ. घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात तेल, तेलाचा फिल्टर आणि एअर फिल्टर बदल, इंटरकूलरच्या रबरी पाइपांना कुठं चीर आहे का ते बघ. आणि वेस्टगेटच्या सळईवरच्या त्या लॉकनटला पाना लावू नकोस.